पुरावा किती वेळा मागायचा?

सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपुरात माजी सैनिक ओळखायला कार्ड लागत नाही. कोण मराठा रेजिमेंटमध्ये होता आणि कोण तोफखान्यात, हे इथे चहाच्या टपरीवरही सांगतील. पण हाच माणूस पुण्यातल्या एखाद्या औषधाच्या दुकानात ‘माजी सैनिकांसाठी सवलत’ ही पाटी वाचून पुढे झाला, की पहिला प्रश्न येतो, ‘पुरावा काय?’ प्रश्नात गैर काही नाही. त्यापुढे जे घडते ते मात्र गैर आहे.

सैनिक पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरातले डिस्चार्ज बुक काढतो. त्यात सेवा क्रमांक, हुद्दा, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पदके, वर्तणुकीचा शेरा असे सगळे असते. काउंटरवरच्या मुलाला त्यातले काही उमगत नाही. मग पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ निघतो. त्यावर पेन्शनची रक्कम आणि घरच्यांची माहिती असते. लष्करी कॅन्टीनचे स्मार्ट कार्ड दाखवावे तर ते कॅन्टीनपुरते, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे (ईसीएचएस) कार्ड दाखवावे तर ते दवाखान्यापुरते. शेवटी दुकानदार म्हणतो, ‘झेरॉक्स देऊन जा.’ शंभर-दोनशे रुपयांच्या सवलतीसाठी आयुष्याची फाईल परक्याच्या टेबलावर उघडायची. बरेच जण ती न उघडताच पूर्ण पैसे मोजून बाहेर पडतात, आणि असे बाहेर पडणाऱ्यांचा हिशेब कुठल्याच दप्तरात नसतो.

वास्तविक ‘पुरावा काय?’ या प्रश्नाचे उत्तर सरकारने केव्हाच देऊन ठेवले आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय नोंदणी करून माजी सैनिकाला आणि सैनिकाच्या विधवेला फोटोसह ओळखपत्र देते. अमुक व्यक्तीने सैन्यात नोकरी केली, एवढे सांगण्यासाठीच ते आहे. सवलत देणाऱ्याला याहून अधिक काही कळण्याची गरज नाही. पण हे कार्ड दुकानदाराने कधी पाहिलेले नसते आणि कित्येक सैनिकांनी ते काढलेलेही नसते. त्या कार्यालयासाठी श्रीपूरहून पंढरपूरमार्गे सोलापूर गाठायचे म्हणजे शंभरेक किलोमीटर. एक कागद कमी पडला की तेवढाच प्रवास पुन्हा.

आणि कागद कमी पडतोच. विशेषतः सैनिकाच्या बायकोचा. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत आहे. पलटणीच्या नोंदीत माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, बँकेत नावापुढे ‘बाई’ जोडलेले, आणि जन्मतारीख तिन्ही ठिकाणी वेगळी. नवरा असेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. तो गेला की ही तफावत दुरुस्त करायला रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार सुरू होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे दप्तर बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला. ज्या बाईने कधी तालुका ओलांडला नाही, तिने सागरला इंग्रजीत अर्ज कसा करायचा? सैनिक नोकरीत असताना, किंवा निवृत्तीच्या आधीच्या वर्षात, युनिटनेच बायकोचे नाव आधारशी जुळवून द्यावे. तेव्हा कारकुनाचे अर्ध्या तासाचे काम असते, पुढे तेच विधवेला वर्षानुवर्षे पुरते.

झेरॉक्सबद्दल आम्हाला अधिक कठोर बोलायचे आहे. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात विकायची आहे’ असे सांगून लोकांना लुबाडणारे भामटे विश्वास बसावा म्हणून जवानाच्या ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवतात. पोलिसांनी याबाबत वारंवार इशारे दिले आहेत. असे फोटो आणि प्रती बाजारात कुठून येतात? जिथे कोणीही कोणाकडूनही झेरॉक्स घेतो आणि नंतर ती रद्दीत टाकतो, तिथे त्यांचा तुटवडा पडत नाही. म्हणून कार्ड पाहावे, फोटो चेहऱ्याशी ताडून बघावा आणि कार्ड हातात परत द्यावे. सैनिकानेही पीपीओ किंवा डिस्चार्ज बुकाची प्रत कोणत्याही दुकानात, हॉटेलात ठेवू नये, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच पाठवू नये. जो प्रतीशिवाय सवलत देत नाही, त्याची सवलत न घेतलेली बरी.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत झाला. कंडक्टर आधार कार्ड बघतो, शून्य रुपयांचे तिकीट फाडतो आणि पुढच्या सीटकडे वळतो. झेरॉक्स नाही, अर्ज नाही, साहेबाची सही नाही. राज्यभर रोज हे सुरळीत चालते. मग सैनिकाच्याच बाबतीत कागदांचा गठ्ठा का लागावा?

ब्रिटनमध्ये जानेवारी 2024 पासून सर्व माजी सैनिकांना एकाच प्रकारच्या ‘व्हेटरन कार्ड’साठी अर्ज करता येतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सवरच माजी सैनिक असल्याचे छापतात. जे कार्ड माणूस खिशात बाळगतोच, त्यावरच ओळख. सैनिक कल्याण विभागाने आपल्या ओळखपत्रावर क्यूआर कोड द्यावा. मोबाइल धरला की नाव, फोटो आणि ‘माजी सैनिक, नोंद वैध’ एवढेच दिसावे. पेन्शन, पत्ता, खाते काही नाही. खोट्या कार्डांचाही त्याने बंदोबस्त होईल.

कार्ड म्हणजे सगळीकडे फुकट, असा समज मात्र सैनिकांनीही करून घेऊ नये. टोलनाक्यावर यावरून हमखास बाचाबाची होते. 1901 च्या टोल कायद्यातली सूट कर्तव्यावरच्या जवानांसाठी आहे, सरसकट माजी सैनिकांसाठी नाही. राष्ट्रीय महामार्गांवर परमवीर चक्र, अशोक चक्र, महावीर चक्र अशा शौर्यपदकांच्या मानकऱ्यांना ती मिळते. दुकानांच्या सवलती तर ऐच्छिक असतात आणि त्या मागताना आवाज चढवायचे कारण नाही.

घरपट्टीची गोष्ट वेगळी. तो हक्क आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने 2020 मध्ये आलेल्या योजनेने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराचा मालमत्ता कर माफ केला. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. श्रीपुरात ग्रामपंचायत जाऊन महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत आली, जानेवारी 2022 मध्ये तिच्या पहिल्या निवडणुकीचा निकाल लागला, आणि घरपट्टीचा विषय ग्रामविकास खात्याकडून नगरविकासकडे गेला. खाते बदलले म्हणून सैनिकाला नव्याने हेलपाटे पडता कामा नयेत. दाखला देणारेही सरकार आणि मागणारेही सरकारच. नगरपंचायतीने नोंदणीकृत माजी सैनिकांची यादी सोलापूरहून थेट मागवून घ्यावी.

यापुढचा प्रश्न अग्निवीरांचा आहे आणि तो अधिक बोचरा आहे. 2022 च्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026-27 मध्ये भरतात. चारातला एक कायम होईल, तिघे घरी येतील. योजनेच्या अटींनुसार त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सियाचीनला पहारा देऊन आलेला पंचविशीतला मुलगा ‘मी सैन्यात होतो’ हे कोणत्या कार्डाने दाखवणार? सीमा सुरक्षा दल आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे निवृत्त जवानही माजी सैनिकाच्या सरकारी व्याख्येबाहेरच आहेत. दर्जाचा वाद दिल्लीत चालू द्या, पण केलेल्या सेवेची साधी ओळख नाकारायचे काही कारण नाही. आणि दुकानदाराला तर व्याख्येचे बंधनच नाही. त्याने पाटीवर ‘अग्निवीर व निमलष्करी जवानांसह’ असे लिहावे, त्याला कोण अडवणार आहे?

सोलापूरच्या सैनिक कल्याण कार्यालयाने महिन्यातला एक ठरलेला दिवस श्रीपूरजवळच्या अकलूजला बसावे. नोंदणी, ओळखपत्र, घरपट्टीचा दाखला आणि नावातल्या दुरुस्तीचा अर्ज ही चार कामे एकाच टेबलावर व्हावीत आणि तारीख वर्षभर आधी जाहीर असावी. सुरुवात विधवांच्या अर्जांपासून करावी, तीही घरपट्टीची पुढची बिले निघण्याआधी.