फॉर्मच्या कंसात न बसणारी बाई

माझ्या डाव्या डोळ्याला गेली सहा वर्षं दिसत नाही. डोळ्याचा पडदा सरकला, दोन ऑपरेशनं झाली, पण नजर परत आली नाही. उजवा डोळा चांगला आहे. हे आजवर मी मोजक्या जणींनाच सांगितलं होतं. आपल्या बैठकांना साताऱ्याहून सांगलीला जायचं तर गाडी बहुधा मीच चालवते, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या काही मैत्रिणींनाही हे माहीत नव्हतं. आधी त्यांची माफी मागते आणि मग लिहायला घेते.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बऱ्याच सूचना दिल्या. वाकू नका, जड उचलू नका, फोडणी देताना जपा, सुईत दोरा ओवताना त्रास होईल. गाडी चालवता का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. माझ्या जागी पुरुष असता तर पहिल्या पाच प्रश्नांत तो प्रश्न आला असता असं मला वाटतं. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दीड महिन्यात मी परत गाडीवर बसले.

एक डोळा जातो तेव्हा निम्मं जग जात नाही, कारण दोन्ही डोळ्यांचं बरंचसं दृश्य एकच असतं. पण गेलेल्या डोळ्याच्या बाजूची कड जाते, आणि जवळच्या वस्तूचं अंतर चुकतं. पहिले काही महिने मी चहा कपाबाहेर ओतत होते. जिन्याची शेवटची पायरी आहे की संपली, ते पायाला कळेपर्यंत डोळ्याला कळत नव्हतं. हळूहळू मेंदू दुसऱ्या खुणा शिकतो. वस्तू लहान दिसते की मोठी, आपण हललो की ती किती सरकते, यावरून अंदाज येतो. मान वळवून बघायची सवय लागते. पण हे शिकायला महिने लागतात, आणि ते महिने मी रस्त्यावर काढले. पेठनाक्याजवळ डाव्या बाजूने सायकलवर येणारी शाळकरी मुलगी मला दिसलीच नाही. ती ओरडली म्हणून ब्रेक लागला. तिला काही झालं नाही, पण तिचा तो आवाज अजून कानात आहे. गाडी चालवणं हा माझा हक्क आहे असं मी सभांतून बोलत आले. रस्त्यावर चालण्याचा त्या मुलीचाही हक्क आहे, हे त्या दिवशी नीट समजलं.

मग परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. एका परिवहन कचेरीबाहेर एजंटने फॉर्म भरूनच ठेवला होता. "ताई, फक्त सही करा." मी वाचायला मागितला तर म्हणाला, "तो कुणी वाचत नाही." चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरी दाखला लागतो. तोही तयार होता, डॉक्टरांनी माझं तोंडही न बघता दिलेला. माझे दोन्ही डोळे उत्तम असल्याचं त्यावर लिहिलं होतं. "स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेता?" असा सल्लाही मिळाला. मी फॉर्म घरी आणला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण वाचला.

मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. त्यातला फॉर्म नंबर १ म्हणजे आपण स्वतःच्या प्रकृतीबद्दल करायचं निवेदन. फीट येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न त्यात आहेत. डोळ्यांचा प्रश्न असा की, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का? आणि पुढे एक लांबलचक कंस. तुमच्याकडे किमान पाच वर्षं परवाना असेल, त्यानंतर एक डोळा गेला असेल, आणि अर्ज खासगी हलक्या मोटारीसाठी असेल, जिला स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरून आरसा आहे, तर एका डोळ्याने ओळखता आलं तरी चालेल.

म्हणजे मला खोटं बोलायची गरजच नव्हती! कायद्याने माझ्यासाठी वाट ठेवली होती आणि मी सहा वर्षं भीत बसले होते. मी खरं लिहिलं. कचेरीने नेत्रतज्ज्ञाचा दाखला मागितला, तो दिला. दोन जादा फेऱ्या झाल्या आणि परवाना मिळाला. डावीकडचा आरसा, जो कायम मिटलेला असायचा, तो आता उघडा असतो. उसाच्या हंगामात रात्री मी गाडी काढत नाही. दिवे नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली दोन डोळ्यांनाही लवकर दिसत नाही.

पण मैत्रिणींनो, तो कंस पुन्हा वाचा. त्यात बसणारा माणूस कोण आहे? ज्याने तरुणपणीच परवाना काढला, ज्याच्याकडे मोटार आहे, असा माणूस. दुचाकीचा त्यात उल्लेख नाही. आपल्यातल्या कितीजणींकडे मोटार आहे? आपली आशाताई, अंगणवाडीताई, बचतगटाची ताई चालवते ती स्कूटी. आणि परवाना काढते तो लग्न, बाळंतपणं, सासूची परवानगी हे सगळं पार पडल्यावर.

आमच्या ओळखीची एक आशाताई चार वाड्या स्कूटीवर करते. उसाचा पाला काढताना पातं लागून तिचा डोळा गेला. परवाना तेव्हा तीन वर्षांचा होता. ती कंसात बसत नाही. मी माझी गोष्ट मोठ्या उत्साहाने तिला सांगितली, तर म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलं, तुम्हाला मिळाला. मी सांगितलं आणि गेला, तर वाड्या कोण करणार? मालक तर म्हणतातच, घरी बस." तिला गाडी चालव म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि चालवू नकोस म्हणायचीही. नंतरच्या काळात केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने एका डोळ्याने पाहणाऱ्यांच्या परवान्याबाबत राज्यांना सूचना पाठवल्या, तपासणी करून निर्णय घ्यावा असा त्यांचा रोख आहे. त्या आधाराने आम्ही तिची नीट तपासणी करून अर्ज दिला आहे. निर्णय होईपर्यंत तिची भाची स्कूटी चालवते आणि ती मागे बसते.

एका डोळ्याच्या बाईला शासनाने कसं मोजलंय तेही बघा. अपंगत्वाच्या मोजणीत एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर ३० टक्के. सवलती सुरू होतात ४० टक्क्यांना. नवऱ्याच्या माराने डोळा गेला तर भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० प्रमाणे ती गंभीर दुखापत होती, आणि नव्या न्याय संहितेतही ती तशीच आहे. म्हणजे फौजदारी कायद्याला नुकसान मोठं वाटतं, सवलतीच्या वेळी ते अपुरं पडतं, आणि लग्नाच्या बाजारात 'काणी' एवढा एकच शब्द पुरतो. मन्सूर अली खान पतौडींचा डोळा १९६१ साली मोटार अपघातात गेला, आणि १९६२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले. त्यांचं कौतुक रास्तच आहे. पण पुरुषाचा गेलेला डोळा पराक्रमाच्या गोष्टीत जातो आणि बाईचा पदराआड, यात दोष डोळ्याचा नाही.

लपवण्याची सवय आपल्याला अशी लागते. मात्र लपवून आपण एजंटच्या, डॉक्टरच्या आणि घरच्यांच्या मुठीत जातो. उद्या अपघात झाला तर "हिला दिसत नव्हतं, खोटी सही केली" हे पहिलं वाक्य असेल. खोट्या माहितीवर घेतलेला परवाना रद्द होऊ शकतो. आपण चालवण्याच्या स्थितीत नाही हे माहीत असून चालवणं हा कलम १८६ खाली गुन्हा आहे.

एसटी, ट्रक, रेल्वे यांचे निकष कडक असावेत, याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वे इंजिनाच्या पहिल्या महिला चालक झाल्या, त्या पुरुषांच्याच कसोट्या पार करून. कसोटी असावी. ती प्रत्यक्ष घेतली जावी आणि बाई जे वाहन चालवते त्या वाहनासाठी असावी, एवढंच म्हणणं आहे.

१९८० च्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने, कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी, आपल्या या भागात परित्यक्तांना एकत्र केलं, तेव्हा स्वतःच्या नावाच्या कागदासाठी भांडण होतं. परवाना हाही तसाच कागद आहे. त्यावर फोटो आपला, सही आपली. त्याच्या आतली माहिती खोटी असेल तर तो कागद पुरता आपला होत नाही.

म्हणून गटागटांतून एवढं करूया. फॉर्म स्वतः वाचायचा, मराठीत समजून घ्यायचा, कोऱ्यावर सही नाही. डोळ्याच्या डॉक्टरांना आपणहून सांगायचं, "मी गाडी चालवते." नव्याने डोळा गेला असेल तर काही महिने गाडी बंद, आणि त्या काळात गटाने तिची ने-आण करायची, म्हणजे लपवायची पाळीच येणार नाही. परवाना नाकारला तर कारण लेखी मागायचं आणि कलम १७ प्रमाणे तीस दिवसांत अपील करायचं. आणि सांगली, सातारा, कराडच्या परिवहन कचेऱ्यांना एकत्र निवेदन द्यायचं की दुचाकी चालवणाऱ्या एका डोळ्याच्या बाईची कसोटी कशी घेणार, ते लेखी कळवा.

निवेदनाचा मसुदा पुढच्या बैठकीत आणते. गाडीत डावीकडे बसणारीने तेवढं डावीकडे लक्ष ठेवावं.