जमिनीचे मोल कोणी वाढवले?

बलिप्रतिपदेला बळीचे राज्य यावे असे म्हणण्याची आपली रीत आहे. ओवाळणी होते, फराळाची ताटे पुढे येतात आणि बळीचा विषय तेवढ्यावर मिटतो. ही गोष्ट मुळात जमिनीची आहे, याची आठवण कोणाला होत नाही. वामनाने बळीपाशी सोने मागितले नाही, गाई मागितल्या नाहीत. तीन पावले जमीन मागितली. मागणारा जाणता होता. सोने खर्चून जाते, गाई म्हाताऱ्या होतात. पण जमीन हाती आली की तिच्यावर उभा असलेला माणूसही आपोआप हाती येतो.

फराळाला पाहुणे जमले की आणखी एक कथा दरवर्षी सांगितली जाते. "आम्ही ही जागा घेतली तेव्हा इकडे कोणी फिरकत नव्हते. शंभर रुपये वार म्हटले तरी लोक हसायचे. आज बघा!" ऐकणारे माना डोलावतात, सांगणाऱ्याच्या दूरदृष्टीचे कौतुक होते, आणि ज्याने त्या वेळी जागा घेतली नाही तो बिचारा खाली बघून चकली मोडत बसतो. माझा वाद जागा घेणाऱ्याशी नाही, या कथेशी आहे. कारण या कथेत एक प्रश्न कधीच विचारला जात नाही : मधल्या काळात त्या जमिनीचे तुम्ही काय केलेत?

उत्तर बहुधा असते, काही नाही. कुंपण घातले. घर बांधले असेल तर ते जुने झाले, गिलावा पडला, गच्ची गळू लागली. माणसाच्या हातची वस्तू दरवर्षी थोडी थोडी झिजते आणि तिची किंमत उतरते. चढली ती खालच्या मातीची किंमत. आणि माती तर होती तिथेच पडून होती. मग वाढ आली कुठून?

मी अर्थशास्त्र शिकलेला नाही. माझी मजल मॅट्रिकपर्यंत. पोटासाठी मुले शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण हे कोडे सोडवायला पदवी लागत नाही. ट्रॉम्बेची एक फेरी पुरते.

ट्रॉम्बे, जुन्या लोकांचे तुर्भे, हे एके काळी खाडीतले बेट होते. मध्ये डोंगर, भोवती खाजण, मिठागरे आणि कोळीवाडा. मुंबईच्या श्रीमंतांना या चिखलाचे काही अप्रूप नव्हते. मग १९५४-५५ साली माहुलच्या बाजूला तेल शुद्ध करणारे दोन मोठे कारखाने उभे राहिले. १९५६ साली विजेचे केंद्र आले. त्याच वर्षीच्या ४ ऑगस्टला डोंगराच्या पायथ्याशी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. पुढे खताचा कारखाना आला, रस्ते आले, वसाहती आल्या, शाळा आल्या. २०१३ साली पूर्व मुक्त मार्ग खुला झाला आणि चेंबूरहून बंदराच्या टोकाला मोटारी सुसाट जाऊ लागल्या. प्रत्येक वेळी आसपासच्या जमिनीचे भाव हलले. यांतले एक तरी काम जमिनीच्या मालकाने केले काय? रस्ता सरकारने बांधला, पैसा करदात्याने दिला, दगड मजुराने फोडला. मालकाने फक्त वाट पाहिली. वाट पाहण्याचे इतके वेतन जगात दुसऱ्या कोणत्याही धंद्यात मिळत नाही.

भाव चढतो तसा तो उतरतोही, आणि तेही दुसऱ्यांच्याच करणीने. देवनारला १९२७ सालापासून मुंबईचा कचरा येऊन पडतो आहे. त्या वाऱ्याच्या वाटेवर ज्याचे घर, त्याने कोणता गुन्हा केला? केर टाकणारा राहतो मलबार हिलला, आणि भाव उतरतो गोवंडीचा.

फार काय, आता जमीन वाढायला रस्त्याचीही गरज उरलेली नाही, शाई पुरते. चटई क्षेत्र म्हणजे एका प्लॉटवर किती बांधता येईल याचे माप. ते माप सरकारने एका सहीने दुप्पट केले की रात्री लाखाची असलेली जागा सकाळी कितीतरी लाखांची होते. त्या रात्री मालक झोपलेला असतो. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारच्या सहीतून जन्मलेली ही संपत्ती थेट एका माणसाच्या खिशात जावी, याला व्यवहार म्हणतात!

१६६८ साली इंग्लंडच्या राजाने सबंध मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले ते वर्षाला दहा पौंड भाड्याने. माती तीच आहे, समुद्र तोच आहे. भर पडली ती माणसांची : कोष्टी आले, गिरणी कामगार आले, हमाल, कारकून, दाया, मास्तर, नाटकवाले आले. माणसांना माणसे हवी असतात, म्हणून माणसांजवळच्या जमिनीला मोल असते. अमेरिकेतल्या हेन्री जॉर्ज नावाच्या छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याने १८७९ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून हेच मांडले. जमिनीचे मोल शेजारी वाढवतात, तेव्हा ते मोल शेजाऱ्यांचे. त्याने सांगितले म्हणून ते खरे आहे असे नाही. ट्रॉम्बेत दिसते म्हणून खरे आहे.

आता कोणी म्हणेल, "ठीक आहे, मोल समाजाने वाढवले. मग सगळी जमीन सरकारची करून टाका, म्हणजे भांडण मिटले." या मंडळींनाही मला ट्रॉम्बेलाच न्यायचे आहे.

इथे जनता कॉलनी नावाची वस्ती होती. मुंबईच्या ठिकठिकाणच्या झोपड्यांतून उठवलेल्या माणसांना महापालिकेनेच इथल्या दलदलीत आणून बसवले होते. त्या माणसांनी चिखलात भर घातली, घरे बांधली, दुकाने थाटली, देवळे, मशिदी, शाळा उभ्या केल्या. ज्या जागी पाय रुतत होता तिथे चालता येईल असे गाव झाले. शेजारी अणुशक्तीचे केंद्र वाढत होते. त्याला आपल्या लोकांच्या वसाहतीसाठी ही जागा हवी झाली. वर्षानुवर्षे लोक झगडले. जोकिन अर्पुथम हे पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळवणारे कार्यकर्ते याच झगड्यातून घडले. अखेर आणीबाणी आली, आणि १७ मे १९७६ रोजी पोलिसांच्या पहाऱ्यात वस्ती भुईसपाट झाली. सुमारे सत्तर हजार माणसे काही अंतरावरच्या दुसऱ्या दलदलीत नेऊन टाकली. तिचे नाव चीता कँप. तिथेही त्यांनी पुन्हा चिखलात भर घातली.

इथे जमीनदार कोणी सावकार नव्हता, गुजर नव्हता, मारवाडी नव्हता. जमीनदार होते सरकार. सावकाराविरुद्ध निदान सरकारकडे जाता येते. सरकारच मालक झाले की जायचे कुठे?

आणि याची दुसरी बाजू पाहा. तानसा जलवाहिनीच्या कडेला राहणारी हजारो कुटुंबे २०१७ साली उठवली गेली आणि माहुलला कारखान्यांच्या धुराड्यांशेजारी रिकाम्या पडलेल्या इमारतींत पाठवली गेली. माहुलच्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे असे राष्ट्रीय हरित लवादाने त्याआधी, २०१५ सालीच म्हटले होते. लोक आजारी पडले, कोर्टात गेले. २०१९ साली उच्च न्यायालयाने सांगितले की यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना पंधरा हजार रुपये भाडे द्या. जनता कॉलनी आणि माहुल यांत चार दशकांचे अंतर आहे, पण नियम एकच. जमिनीला भाव आला की गरीब तिथून उठतो. जमिनीचा भाव गेला की गरीब तिथे जाऊन बसतो. बाजाराला हा नियम शिकवावा लागत नाही, आणि सरकारही मालकाच्या गादीवर बसले की तो न शिकता पाळते.

तेव्हा खाजगी मालक की सरकारी मालक, हा वादच मला फोल वाटतो. खोट मालक या शब्दात आहे.

आणि गंमत अशी, की आपल्या महाराष्ट्राच्या दप्तरात हा शब्द फार जपून वापरलेला आहे. वाचकहो, घरात सातबारा असेल तर दिवाळीच्या आवराआवरीत तो काढून पाहा. जमीन ज्याच्या नावावर असते त्याला तिथे भोगवटादार म्हटलेले असते. भोगवटादार म्हणजे जमिनीचा उपभोग घेणारा, आणि त्याबद्दल सारा भरणारा. आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हे समजून होता : कसतो मी, ठेवतो मी, मुलाला देतो मी, आणि जमिनीच्या मोलाचा एक वाटा दरसाल सगळ्यांच्या कामासाठी देतो. तो वाटा पूर्वी राजाने आणि साहेबाने ओरबाडला हे खरे. पण म्हणून कल्पना खोटी ठरत नाही. खाडीत खुंट रोवून डोल लावणाऱ्या कोळ्याची जागाही ठरलेली असते आणि बाकीचे ती मानतात. पण खालचे पाणी माझे, असे तो म्हणत नाही.

कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५१ साली पोचमपल्लीहून भूदानाला आरंभ केला तो याच भावनेने. पण भूदान देणाऱ्याच्या मर्जीवर चालले, आणि मर्जीने मिळते ती पुष्कळदा खडकाळ जमीन. १९५७ च्या १ एप्रिलला कूळ कायद्याने कसणारा मालक झाला. न्याय्यच झाले. पण शहराच्या कडेला तोच कसणारा पुढे प्लॉट पाडून विकता झाला. शहरात कोणी नांगर धरत नाही. तिथे ‘कसेल त्याची’ हा न्याय पुरत नाही. शहरासाठी न्याय वेगळा हवा : राहणे ज्याचे त्याचे, वाढ सगळ्यांची.

म्हणजे करायचे काय? माझे म्हणणे साधे आहे. घरावर, दुकानावर, झाडामाडांवर कर नको. ते माणसाच्या कष्टाचे आहे. नुसत्या जमिनीच्या मोलावर मात्र दरसाल भाडे घ्यावे, मोल वाढेल तसे वाढते. त्यातून पाणी, शाळा, दवाखाने आणि परवडणारी घरे व्हावीत. जो जिथे राहतो त्याला तिथून हलवायचे तर त्याच परिसरात तितकीच चांगली जागा आधी द्यावी, आणि हा नियम सरकारी खात्यांनाही तितकाच लागू असावा.

"हे स्वप्नरंजन आहे!" असे म्हणणाऱ्यांनी मानखुर्दच्या फलाटावर उभे राहावे. १९९२ साली इथून खाडीवरून वाशीपर्यंत लोकल धावू लागली. बेलापूरपर्यंतच्या त्या मार्गाचा सुमारे दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला, आणि तो आला नव्या मुंबईच्या जमिनीतून. जमिनीच्या वाढत्या मोलातून आगगाडी धावते, हे आपण रोज तिकीट काढून पाहतो. सिडकोची जमीन मिळते भाडेपट्ट्याने. तरी तिथे इमारती उभ्या राहिल्याच ना? पण तिथेही जमीन गेली पंचाण्णव गावांची, आणि वाढीत त्यांना वाटा नव्हता. तो वाटा मागताना जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबारात पाच जण मेले. त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे ठरले. दि. बा. पाटलांच्या लोकांनी मागितले ते जास्त दाम नव्हे, पुढच्या वाढीतला हिस्सा. शिकलेल्यांच्या आधी आगरी शेतकऱ्याला हे उमगले होते.

आक्षेप येतील. "मी कष्टाच्या पैशांनी जागा घेतली आहे." कबूल, आजवरचे मोल तुमचे. प्रश्न उद्याच्या वाढीचा आहे. "पेन्शनीवर जगणाऱ्या विधवेने भाडे कुठून द्यावे?" तिने देऊ नये, जागा हस्तांतरित होईल तेव्हा साठलेले वसूल करावे. "भाडेपट्ट्याने तरी काय साधते? हाँगकाँगला जवळजवळ सगळी जमीन सरकारी पट्ट्यावर आहे आणि घरे जगात महाग आहेत." बरोबर. तिथे पट्टा देतानाच एकरकमी मोठी किंमत घेतली जाते, म्हणून सरकारही भाव चढण्याची वाट पाहत बसते. भाडे दरसाल घेतले तर वाट पाहण्यात कोणालाच फायदा उरत नाही. "सरकार पैसे खाईल." खाईल, म्हणून हिशेब वॉर्डावॉर्डात लावला पाहिजे, आणि वाचला पाहिजे. चोर येतो म्हणून कोणी घर बांधायचे सोडत नाही.

खरा अडथळा आक्षेपांचा नाही, आपल्या मनाचा आहे. आपल्या प्रत्येकाला गुपचूप वाटत असते की कधीतरी आपलाही एक प्लॉट वाढेल. या आशेवर आपण आपल्याच मुलांना शहराबाहेर हाकलतो आहोत. आपली जागा वाढली म्हणून पेढे वाटणाऱ्या बापाचा मुलगा आज बदलापूरला घर शोधतो आहे आणि रोज लोकलला लोंबकळत कामाला येतो आहे. बापाच्या त्या नफ्याची किंमत लेक भरतो आहे, हे त्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

या दिवाळीत ते बोलले जावे. आणि मत मागायला जो कोणी दारात येईल, त्याला नळ आणि गटार यांच्याबरोबर हेही विचारावे : आमच्या वस्तीने जमिनीचे जे मोल वाढवले, ते वस्तीला परत कधी मिळणार?