येरझाऱ्या

परीक्षेच्या पर्यवेक्षणाला उभा राहिलो, की तीन तास मी खिडकीपासून फळ्यापर्यंत येरझाऱ्या घालतो. परवा मागच्या बाकावरून कुजबुज आली, "सर पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरतात!" पोर काही खोटे बोलले नाही.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील प्राणिसंग्रहालयात गस नावाचे पांढरे अस्वल होते. तासन् तास ते पाण्यात एकाच वाटेने, इंग्रजी आठाचा आकडा काढीत पोहत राही. १९९४ साली त्याच्यासाठी चक्क प्राणिवर्तनाचा तज्ज्ञ बोलावला! उपाय काय, तर खेळणी आणि बर्फात गोठवलेले खाणे. म्हणजे जिवाला काही उद्योग. पोहणे कमी झाले, पुरते थांबले मात्र नाही. क्लब आणि मेसन या विदुषींनी २००३ साली दाखवून दिले, की ज्या मांसाहारी प्राण्याचा मुलूख मोठा, त्याच्या येरझाऱ्याही जास्त. पांढऱ्या अस्वलाच्या वाट्याला येणारी जागा त्याच्या किमान मुलखाच्या दशलक्षांश असते म्हणे!

हे वाचले आणि आजोळचा पोपट आठवला. छातीची पिसे उपटून तो उघडाबोडका झाला होता. "उष्णता झाली," म्हणून आजी भिजवलेली डाळ घाली; मी 'विठू विठू' शिकवी. सोबत नाही, उद्योग नाही, हेच दुखणे असेल, असे कुणाच्या मनातही आले नाही. संध्याकाळी समोरच्या वडावर राघूंचे थवे उतरत. तो बघत बसे.

माझी घंटा तीन तासांनी वाजते. त्याची कधी वाजलीच नाही. आणि पिंजऱ्याची कडी तर माझ्या हाताला पोचत होती!