शिक्षा संपते कधी?

माझ्या लहानपणी आमच्या चाळीतला एक माणूस तुरुंगातून सुटून आला. अफरातफरीचे प्रकरण होते. ‘भोगून आलाय, आता विषय संपला,’ असे वडील म्हणाले. विषय संपला नव्हता. नळावर त्याची बायको आली की बोलणे थांबत असे.

तो माणूस आठवला, तो अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांविषयी वाचताना. तिथे १९८४ च्या कायद्याने, नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांसाठी, पॅरोल बंद झाला आणि ‘देखरेखीखालील सुटका’ आली. तिथला पॅरोल म्हणजे मुदतीआधीची सुटका. ही देखरेख मात्र तुरुंगवास भोगून झाल्यावर सुरू होते. बहुधा एक ते पाच वर्षे, काही गुन्ह्यांत आजन्म. परवानगीवाचून न्यायालयाचा जिल्हा सोडायचा नाही, अधिकाऱ्यापुढे हजेरी द्यायची. अट मोडली तर पुन्हा गजाआड.

२००० सालचा जॉन्सन खटला मला अस्वस्थ करतो. त्याच्यावरचे दोन आरोप पुढे रद्द ठरले, तोवर तो अडीच वर्षे जादा तुरुंगात राहिला होता. तेवढी वर्षे देखरेखीतून वजा करा, एवढेच त्याचे मागणे. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नकार दिला. देखरेख ही माणसाला समाजात रुळवण्यासाठी असते, तुरुंगवासाशी तिची अदलाबदल होत नाही. मुदत कमी करण्यासाठी हवे तर खालच्या न्यायालयात अर्ज करा, असे सांगितले.

देखरेख ही शिक्षा नव्हे, हे मान्य करू. मग तिचा वापर शिक्षेसारखा तरी का व्हावा? जून २०२५ मध्ये एस्टरास खटल्यात त्याच न्यायालयाने हे बजावले: देखरेख रद्द करताना मूळ गुन्ह्याचे प्रायश्चित्त हा विचार आणायचा नाही. हे स्पष्ट व्हायला पंचवीस वर्षे लागली.

निकालाविरुद्ध अपिलाला मुदत चौदा दिवसांची. गुन्हा कबूल करताना झालेल्या करारात तो हक्कही पुष्कळदा सोडलेला असतो. निकालाच्या दिवशी घरचे लोक तुरुंगाची वर्षे मोजतात. अटींचा कागद कोण वाचतो?

आपल्याकडे १९५८ च्या प्रोबेशन कायद्यात देखरेख येते ती तुरुंगाऐवजी. पण सुटून आलेल्यावर शेजाऱ्यांची जी नजर असते, ती कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही. अमेरिकेतल्या कैद्याला निदान अपील करता येते. आमच्या चाळीतल्या त्या बाईने ते कुणाकडे करायचे होते?