नाव कंपनीचे, घाम कुणाचा?

ब्राउझर उघडून आपण रेल्वेचे तिकीट काढतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, परीक्षेचा निकाल पाहतो. पडद्यावरचे बटण दाबले की काम होते. त्या बटणामागे एक संगणकीय भाषा राबत असते. तिचे नाव जावास्क्रिप्ट. जगातील जवळपास प्रत्येक वेबसाइट हीच भाषा वापरते. आपल्या वस्त्यांतील हजारो मुले-मुली आज पुण्या-मुंबईच्या क्लासमध्ये किंवा घरच्या मोबाईलवर हीच भाषा शिकत आहेत, कारण तिच्या जोरावर नोकरी मिळते. परंतु या भाषेचे नाव कुणाच्या मालकीचे आहे आणि तिचा गाडा कुणाच्या श्रमावर चालतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. गेल्या काही वर्षांत या भाषेच्या जगात जे घडले ते नीट पाहिले तर हे दोन्ही प्रश्न मुळात एकच असल्याचे दिसते. म्हणूनच त्याची चर्चा आपल्या वर्तमानपत्रातही झाली पाहिजे.

आधी नावाचा प्रश्न घेऊ. १९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक या प्रोग्रामरने अवघ्या दहा दिवसांत ही भाषा तयार केली. आधी तिला मोका म्हणत, नंतर लाइव्हस्क्रिप्ट म्हणू लागले. त्या काळी सन मायक्रोसिस्टीम्स या कंपनीच्या जावा भाषेचा मोठा बोलबाला होता. त्याचा फायदा उठवण्यासाठी नेटस्केप आणि सन यांनी मिळून ४ डिसेंबर १९९५ रोजी नवे नाव जाहीर केले, जावास्क्रिप्ट. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन भाषा वेगळ्या आहेत. नाव केवळ बाजारासाठी ठेवले गेले. पुढे या नावाचा ट्रेडमार्क सनच्या नावे नोंदला गेला आणि २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यावर तो ओरॅकलकडे गेला. म्हणजे ज्या कंपनीने ही भाषा घडवली नाही, तिचे नियमही जी ठरवत नाही, ती कंपनी खरेदीखताने या नावाची मालक झाली.

याचा परिणाम असा की भाषेचा अधिकृत नियमग्रंथ जावास्क्रिप्ट या नावाने निघू शकत नाही. जिनिव्हातील एक्मा ही प्रमाणीकरण संस्था १९९७ पासून तो एक्मास्क्रिप्ट या नावाने प्रसिद्ध करते. परिषदा भरवणाऱ्यांनी पूर्ण नाव टाळून नुसती जेएस ही अक्षरे वापरली. २०१८ मध्ये तर एका छोट्या मोबाईल ॲपच्या नावात जावास्क्रिप्ट हा शब्द आला म्हणून ओरॅकलने त्या ॲपविरुद्ध तक्रार केली. जी भाषा तुम्ही बोलता, तिचे नाव घ्यायला दुसऱ्याची परवानगी!

याविरुद्ध रायन डाल यांनी आवाज उठवला. याच डाल यांनी २००९ मध्ये नोड हे साधन तयार करून ही भाषा ब्राउझरच्या बाहेर काढली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी ओरॅकलला जाहीर पत्र लिहिले. हजारो प्रोग्रामरांनी त्यावर सह्या केल्या आणि त्यांत भाषेचे जनक आइकही होते. उत्तर आले नाही. तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये डाल यांच्या डेनो कंपनीने अमेरिकेच्या पेटंट व ट्रेडमार्क कार्यालयाकडे हा ट्रेडमार्क रद्द करावा म्हणून अर्ज केला. अर्जात तीन मुद्दे होते. पहिला, हे नाव आता सर्वसामान्य झाले आहे. दुसरा, ओरॅकलने त्याचा खरा वापर सोडून दिला आहे. तिसरा, २०१९ मध्ये नूतनीकरण करताना वापराचा पुरावा म्हणून ओरॅकलने चक्क डाल यांच्याच नोड प्रकल्पाच्या वेबसाइटचे चित्र जोडले, ही फसवणूक आहे. जून २०२५ मध्ये फसवणुकीचा मुद्दा फेटाळला गेला, पहिले दोन मात्र पुढच्या सुनावणीसाठी राहिले. ओरॅकलने हक्क सोडण्यास नकार दिला. डाल हे काही संन्यासी नव्हेत, त्यांचीही कंपनी आहे आणि त्यांचाही हितसंबंध आहे. तरीही त्यांचा प्रश्न खरा आहे. ॲस्पिरिन आणि एस्कलेटर ही एकेकाळी कंपन्यांची नावे होती. लोकांच्या तोंडी ती वस्तूची नावे झाली तेव्हा अमेरिकेच्याच न्यायव्यवस्थेने त्यांवरील कंपन्यांचा हक्क संपवला.

‘नावात काय आहे?’ असे काही शहाणे विचारतात. आंबेडकरी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि तो नामविस्ताराच्या रूपाने का होईना, प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या सोळा वर्षांत माणसे मारली गेली, घरे जाळली गेली. नावात काही नसते तर हे घडले असते काय? ट्रेडमार्कच्या खटल्यात कुणाचे घर जळत नाही, ही तुलना तेवढीच मर्यादित आहे. परंतु कोणत्या वस्तूवर कुणाचे नाव लागावे हे ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती सत्ता असते, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

नावाचा हा प्रश्न श्रमाच्या प्रश्नाशी कसा जोडलेला आहे, ते २०१६ च्या मार्च महिन्यात जगाने पाहिले. जावास्क्रिप्टमध्ये काम करणारे प्रोग्रामर सगळा कोड स्वतः लिहीत नाहीत. इतरांनी लिहून फुकट ठेवलेले तयार तुकडे, ज्यांना पॅकेज म्हणतात, ते एनपीएम नावाच्या कोठारातून घेऊन जोडतात. एका प्रोग्रामरच्या पॅकेजचे नाव एका कंपनीच्या नावाशी जुळत होते. कंपनीने ते नाव मागितले, त्याने दिले नाही. कोठार चालवणाऱ्यांनी ते त्याच्याकडून काढून कंपनीला दिले. संतापून त्याने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. त्या अकरा ओळी नाहीशा होताच जगभरच्या नामांकित प्रकल्पांची कामे अडली. शेवटी कोठारवाल्यांनी त्याच्या संमतीची वाट न पाहता ते पॅकेज परत ठेवले. अकरा ओळींवर जग उभे होते आणि त्या लिहिणाऱ्याला स्वतःच्या पॅकेजचे नाव राखण्याचाही अधिकार नव्हता!

त्यानंतर काही बदलले काय? २०१८ मध्ये एका थकलेल्या प्रोग्रामरने आपले लोकप्रिय पॅकेज मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे सोपवले. त्या माणसाने त्यात लोकांचे डिजिटल चलन चोरणारा कोड घुसवला. जानेवारी २०२२ मध्ये आणखी एकाने, बड्या कंपन्यांसाठी फुकट राबणार नाही असे आधीच बजावून, आपली दोन पॅकेजेस स्वतःच बिघडवली. ते चूकच होते, कारण त्यात लहानसहान लोकही भरडले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोअर-जेएस या पॅकेजच्या रशियन कर्त्याने आपली कैफियत मांडली. जगातील बड्या बड्या वेबसाइट त्याचा कोड वापरतात आणि तो सांभाळण्यात त्याचा सारा वेळ जातो, पण देणग्या आटत चालल्या आणि शिव्या मात्र वाढल्या. ८ सप्टेंबर २०२५ रोजी आणखी एका अनुभवी प्रोग्रामरला एनपीएमच्या नावाने बनावट ईमेल आला. तो फसला आणि अठरा पॅकेजेसमध्ये चोरांचा कोड शिरला. ही पॅकेजेस मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतली जातात. त्याने चूक ताबडतोब आणि उघडपणे कबूल केली. त्याच महिन्यात आपोआप पसरणाऱ्या एका किडीने शेकडो पॅकेजेस बाधित केली. त्यावर उपाय म्हणून सुरक्षेचे नियम कडक झाले. ते आवश्यकच होते. पण नियमांचा भार पुन्हा त्याच फुकट राबणाऱ्यांच्या डोक्यावर पडला. जबाबदारी वाढली, मोबदला मात्र तोच, म्हणजे शून्य.

आता हे कोठार कुणाचे आहे तेही पाहा. प्रोग्रामर आपला कोड जिथे मांडतात ते गिटहब मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विकत घेतले आणि २०२० मध्ये गिटहबने एनपीएम विकत घेतले. म्हणजे माल हजारो हातांनी पिकवलेला, कोठार एका सावकाराचे!

हे वाचताना आपल्या जुन्या माणसांना महारवतनाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. गावकीची आणि सरकारची कामे करायची, रात्री-अपरात्री हाक आली की जायचे, वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याला धरून न्यायचे. बदल्यात जमिनीचा तुकडा, बलुत्याची शिळी भाकर आणि ‘वतनदार’ ही पोकळ पदवी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा आपल्यातलेच काही जण वतन सुटेल म्हणून घाबरले होते. मानाच्या नावाखाली मजुरी बुडवली जाते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. आज फुकट कोड लिहिणाऱ्याला गिटहबवर तारे मिळतात, पाठीवर थाप मिळते. पण मोठा फरक आहे आणि तो विसरता कामा नये. वतन जन्माने लादले जात होते. इथे माणूस आवडीने येतो आणि उठून जाऊही शकतो. ज्याला जाता येते त्याची स्थिती वेठबिगाराची नव्हे. तरीही दाम न देता अखंड सेवेची अपेक्षा करायची आणि चुकला तर जगासमोर उभा करायचा, ही गावकीची वृत्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

आपल्या मुलांना याची झळ आणखी एका वाटेने लागते. नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमचे गिटहब दाखवा’ असे विचारण्याची पद्धत पडली आहे. फावल्या वेळात तुम्ही किती कोड लिहिला, हे तेथील हिरव्या चौकोनांवरून दिसते. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, लॅपटॉप आहे, बापाचा पगार आहे, त्याचे चौकोन हिरवेगार. जो दिवसा कॉलेज आणि रात्री डिलिव्हरी करतो, जी मुलगी धुणीभांडी आवरून आईला मदत करते आणि मग अभ्यासाला बसते, त्यांचे चौकोन कोरे. मग त्या कोऱ्या चौकोनांना म्हणायचे ‘गुणवत्ता नाही’! फुरसतीला गुणवत्ता म्हणण्याची ही जुनीच चलाखी नव्या वेशात आली आहे. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. संगणकासमोर बसलेल्या कामगाराला हे लागू नाही, असे कोण म्हणेल?

मग काय आपल्या मुलांनी ही भाषा सोडून द्यावी? मुळीच नाही. दुसरी बाजू तितकीच खरी आहे. या भाषेचा नियमग्रंथ कुणालाही फुकट वाचता येतो. ती लिहायला ब्राउझर पुरतो आणि ब्राउझर कुणाची जात विचारत नाही. नियम ठरवणारी टीसी-३९ ही समिती आपल्या बैठकांचे वृत्तांत जगासमोर ठेवते आणि निर्णय सहमतीने घेते. २०१५ पासून दरवर्षी ग्रंथाची सुधारित आवृत्ती निघते. जुन्या चुका व्यवहारासाठी सांभाळाव्या लागल्या तरी त्यांना कुणी पवित्र म्हणत नाही. ज्या देशात ग्रंथ ऐकणाऱ्याच्या कानात शिसे ओतण्याची आज्ञा लिहिली गेली, त्या देशातील आपल्याला या मोकळेपणाची किंमत वेगळी सांगायला नको. मात्र त्या समितीत गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या धनाढ्यांचे पगारी प्रतिनिधी बसतात आणि सारा व्यवहार इंग्रजीत चालतो. दार उघडे आहे, पण उंबरठा उंच आहे.

म्हणून आपल्या तरुणांना सांगणे एवढेच. ही भाषा शिका, मन लावून शिका. फुकट कोड लिहायचा तर डोळे उघडे ठेवून लिहा, कोणत्या अटींवर देत आहात ते वाचून द्या आणि त्यावर आपले नाव लावा. जे आज कंपन्यांत चांगल्या पगारावर आहेत, त्यांनी आपल्या वरिष्ठांना विचारावे की आपण ज्यांचा कोड फुकट वापरतो त्यांना काही देतो काय? आणि त्यांनी आठवड्यातला एक तास वस्तीतल्या बुद्धविहारात बसून दहा मुलांना मराठीतून ही भाषा शिकवावी. आपल्याकडे विहार आहेत, वाचनालये आहेत, आता शिकलेली माणसेही आहेत. ती एकत्र बसत नाहीत, एवढीच उणीव आहे.

ओरॅकलचा ट्रेडमार्क टिको वा जावो, त्याचा निकाल अमेरिकेत लागेल. आपल्या घामावर कुणाचे नाव लागणार, याचा निकाल मात्र आपल्यालाच लावायचा आहे. जयभीम!