खेकड्यांनी धरण फोडलं म्हणे!

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून जास्त माणसं गेली. भिंतीला गळती आहे, हे गावकरी आधीपासून सांगत होते. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले, खेकड्यांनी भिंत पोखरली. मग लोकांनी खेकडे घेऊन निदर्शनं केली, मोबाईलवर विनोद फिरले आणि मंडळी आपापल्या कामाला लागली.

मला तेव्हा हसू आलं नाही. मी मूळचा बीडचा. आमच्याकडे मातीचे पाझर तलाव आहेत, त्यांच्या भिंतींवर बाभळी उगवल्या आहेत, आणि खेकडेही भरपूर आहेत.

आता खरं सांगायचं तर खेकडा मातीत बीळ करतो. भाताचे बांध बांधणाऱ्या कुठल्याही कोकणी माणसाला विचारा. पण म्हणूनच तर देखभाल नावाची गोष्ट असते ना! बिळं बुजवायची, झाडं मुळासकट काढायची, ओल दिसली की कारण शोधायचं. आमच्या धंद्यात प्रोग्रॅम कोसळला की कुणीतरी म्हणतं, 'युजरनं भलतंच बटण दाबलं'. अहो, युजर बटण दाबणारच! खेकडा काय आजचा आहे का?

बरं, ज्याच्यावर खापर फोडलं तो कोण, हे तरी माहीत आहे का आपल्याला? मराठी माणसाला खेकडा दोनच ठिकाणी भेटतो, रश्शात आणि त्या टोपलीतल्या गोष्टीत. खेकडा ज्या कवचधर वर्गातला, त्यात कोळंबी आहे, कुंडीखालचे किडे आहेत आणि पायांचा पसारा साडेतीन मीटरच्या वर जाणारा जपानी खेकडाही आहे. काही कवचधर गुहांच्या अंधारात डोळ्यांवाचून जगतात. रेमिपीड नावाचा अख्खा गट १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जिवंत स्वरूपात कुणाला माहीत नव्हता, तो बहामातल्या पाण्याखालच्या गुहेत सापडला. सह्याद्रीत तर घाटागणिक वेगळा खेकडा निघतो. कारण साधं आहे. गोड्या पाण्यातल्या खेकडीची पिल्लं समुद्रात वाहत जात नाहीत. ती आईच्या पोटाखालून इवलेसे खेकडे होऊनच बाहेर पडतात आणि तिथंच राहतात.

आता बीडकडे या. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना 'नारू' हा शब्द अजून आठवतो. पायातून हातभर लांब जंत निघायचा, तो काडीला गुंडाळत रोज थोडा ओढायचा. त्याला घरोघर पोचवणारा होता सायक्लॉप्स, बारवेतल्या पाण्यातला, डोळ्याला जेमतेम दिसणारा कवचधर. नारूवाला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालायचा, जंताची पिल्लं सायक्लॉप्स गिळायचा आणि सायक्लॉप्स आपण प्यायचो. माझी आजी मरेपर्यंत दुहेरी फडक्यानं पाणी गाळत होती. आम्ही तिला हसायचो. (गाढव होतो.)

इथं दोष खरोखरच एका कवचधराकडे जात होता. मग काय केलं? नुसती पत्रकार परिषद घेतली नाही. १९८३-८४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालला. लस नव्हती, औषध नव्हतं. पाणी गाळायला शिकवलं, बारवांत औषध टाकलं, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करून वरून पाणी काढायची सोय केली, एकेक रोगी गावोगाव शोधला. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हे याच देशातल्या सरकारी माणसांनी केलं, सायकलीवर फिरून.

म्हणजे जमतं हो आपल्याला. ज्यानं कारण शोधलं त्यानं रोग संपवला. तिवऱ्यात आधी आरोपी ठरला आणि तो नेमका असा, की ज्याला वकील मिळत नाही.

उद्या आमच्याकडे एखाद्या पाझर तलावाची भिंत खचली आणि कुणी खेकड्याचं नाव घेतलं, तर बीडकरांनो, तिथल्या साहेबांकडे फक्त देखभालीची वही मागा. शेवटचं बीळ कधी बुजवलं, बाभळी कधी काढल्या, आणि गळतीची पहिली तक्रार कुठल्या तारखेची.