रहस्यनाटकातील 'ती' आणि 'त्या'

रहस्यनाटकाचे भाषांतर म्हणजे भाषांतरांतले सर्वांत सोपे काम, असा एक समज आपल्या नाट्यव्यवहारात मुरलेला आहे. कथानक पक्के असले, की पात्रांची नावे बदलून ते कोणत्याही भाषेत चालवता येते, असे मानले जाते. हा समज मुळातच चुकीचा आहे.

जे. बी. प्रीस्टली यांच्या 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स' या नाटकाचे उदाहरण घ्यावे. त्याचा पहिला प्रयोगच भाषांतरात, १९४५ मध्ये सोव्हिएत संघात, रशियन भाषेत झाला. इंग्लंडमध्ये ते १९४६ साली आले. कोलकात्यात त्याचे बंगाली रूप 'थाना थेके आसछि' या नावाने परिचित झाले आणि १९६५ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. एका कामगार तरुणीच्या आत्महत्येची चौकशी करीत पोलीस अधिकारी कारखानदाराच्या घरी येतो आणि घरातील प्रत्येकाचा त्या मृत्यूतील वाटा उघड होतो.

इंग्रजीत सर्वांना एकच 'यू' पुरतो. बंगालीत 'आपनि', 'तुमि', 'तुइ' यांतून निवड करावीच लागते. मृत तरुणीला 'से' म्हणावे की आदरार्थी 'तिनि', हेही ठरवावे लागते. मराठीत हाच पेच 'ती' आणि 'त्या' यांचा आहे. कारखानदार 'ती' म्हणणार, हे उघड आहे. अधिकाऱ्याने 'त्या' म्हटले, तर आरोपपत्र तेथेच दाखल होते!

अडचण दुसऱ्या बाजूनेही आहे. बंगाली क्रियापदाला लिंग नाही. 'से एसेछिल' एवढ्यात मारेकरी स्त्री की पुरुष, हे झाकले जाते. मराठीत 'आला होता' म्हणताच निम्मे रहस्य फुटते. 'कोणीतरी आले होते' हा नपुंसकलिंगी आडोसा एकदा खपतो. वारंवार घेतला, की प्रेक्षक सावध होतो.

म्हणूनच फ्रेंच रहस्यनाटक इंग्रजीवरून मराठीत आणणे घातक आहे. 'व्हू' म्हणणाऱ्या पात्राच्या तोंडून 'त्यु' निसटले, तर लपवलेला संबंध उघडा पडतो. इंग्रजीत हा धागा सहज पुसला जातो. 'तू' आणि 'तुम्ही' हाताशी असलेल्या मराठीने तो गमवावा, हे दारिद्र्य भाषेचे नव्हे, भाषांतरकाराच्या आळसाचे आहे. रहस्यनाटकाला दुय्यम ठरवणाऱ्या समीक्षेने हा आळस आजवर खपवून घेतला.